पुण्यातलं हौशी रोईंग: क्लब आले कुठून, टिकले कशावर, आणि तुम्हाला काढायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा होता. पुण्यात रोईंगचे, म्हणजे वल्ही मारून बोट पळवण्याच्या खेळाचे क्लब आले कुठून, एवढी वर्षं टिकले कसे, आणि आमच्या तालुक्याच्या गावाजवळ धरणाचं बॅकवॉटर आहे तिथे चारपाच जण मिळून हौशी क्लब काढायचा म्हणतोय, तर बोटी कुठून आणि केवढ्याला घ्यायच्या. बोटींचं आधी सांगून टाकते, बोटी सगळ्यात शेवटी. मी कॉलेजात असताना वल्ह्याला हात लावला तेव्हापासून याच नादात आहे, आधी स्वतः खेळले, आता नवीन पोरापोरींना शिकवते, आणि या सगळ्यात एक गोष्ट परत परत बघितलीये. क्लब वाढतो तो दोन गोष्टींवर, एक म्हणजे बारा महिने नाही तर निदान आठ महिने स्थिर राहणारं पाणी, आणि दुसरं म्हणजे आज आलेल्या नवख्याला कालच शिकलेल्याने पाण्यात उतरवायची सवय. बाकी पैसे, बोटी, ट्रॉफ्या हे सगळं त्यानंतर येतं. इतिहास बघितला की हे लगेच लक्षात येतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

पुण्याची मुळा-मुठा ही काही रोईंगची नदी नाही. पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात खडक उघडे, असल्या नदीत सडपातळ बोट चालवायची कशी. पण १८५० मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बंडगार्डनचा बंधारा झाला, तो कॅम्पाला म्हणजे लष्करी वस्तीला पाणी मिळावं म्हणून, आणि त्याच्या वरच्या बाजूला मुळा-मुठेच्या संगमाच्या दिशेने पाणी साठून राहायला लागलं. रोईंगचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यातही नसणार. पण साठलेलं शांत पाणी, शेजारी लष्कराची छावणी, आणि छावणीत इंग्लंडहून आलेले तरुण अधिकारी ज्यांनी शाळा-कॉलेजात वल्ही मारलेली, एवढं एकत्र आलं की क्लब होणारच. १८६८ मध्ये क्लब झाला, तोच आजचा रॉयल कॅनॉट बोट क्लब. कॅनॉटचा ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, १८८६ ते १८९० मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सरसेनापती होता, त्याचं नाव क्लबला मिळालं. पुण्यातल्या निम्म्या लोकांना बोट क्लब रोड म्हणजे महागडे फ्लॅट एवढंच माहीत असतं, पण त्या रस्त्याच्या टोकाला खरोखरच बोटींचा क्लब आहे आणि तो दीडशे वर्षं जुना आहे हे मी शिकवायला आलेल्या प्रत्येक बॅचला सांगतेच.

पुणं काही एकटं नव्हतं. कलकत्ता रोईंग क्लब १८५८ चा, कोलंबोचा १८६४ चा, मद्रास बोट क्लब १८६७ चा, कराचीचा १८८१ चा. म्हणजे १८५७ नंतरच्या पंचवीसेक वर्षांत जिथे जिथे गोऱ्या साहेबांची मोठी वस्ती आणि शेजारी पाणी होतं तिथे तिथे क्लब उभा राहिला. मद्रास आणि कोलंबो यांच्यातली शर्यत १८९८ पासूनची आहे, दोन शहरांचे हौशी लोक समुद्र ओलांडून एकमेकांकडे जाऊन वल्ही मारायचे आणि अजूनही मारतात, मला हे फार आवडतं. १९३३ मध्ये या सगळ्या पूर्वेकडच्या क्लबांची मिळून अमॅच्युअर रोईंग असोसिएशन ऑफ द ईस्ट झाली, तिच्या स्पर्धा अजून चालू आहेत, कलकत्ता, चेन्नई, कोलंबो, पुणे असे आलटून पालटून.

आता इथे थोडं थांबते कारण त्या काळात हौशी कोणाला म्हणायचं हे समजल्याशिवाय या क्लबांचा इतिहास अर्धाच कळतो. आपल्याला वाटतं पैसे न घेता खेळतो तो हौशी. पण इंग्लंडात १८७९ मध्ये हेन्ली रेगाटाने (रेगाटा म्हणजे बोटींच्या शर्यतींचा मेळा) आणि पाठोपाठ १८८२ मध्ये तिथल्या अमॅच्युअर रोईंग असोसिएशनने जो नियम केला त्यात हाताने काम करून मजुरी मिळवणारा माणूस, कारागीर, मेकॅनिक, मजूर, हा हौशी धरलाच जायचा नाही, मग त्याने वल्हं मारून एक पैसुद्धा कमावलेली नसो. त्यांचं म्हणणं असं की जो दिवसभर अंगमेहनत करतो त्याला साहेबांच्या पोरांवर जादा फायदा मिळतो. १९२० मध्ये अमेरिकेचा जॅक केली, जो विटा रचायचं काम करायचा, त्याची हेन्लीची एंट्री नाकारली, त्यात त्याच्या क्लबशी जुनं भांडण हेही कारण होतं पण हाताच्या कामाचं कारणही होतंच, आणि त्याच वर्षी तो अँटवर्प ऑलिंपिकला एकेरी स्कल्समध्ये (स्कल्स म्हणजे प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक वल्हं) गोल्ड घेऊन गेला. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाची ऑलिंपिकला निघालेली आठ जणांची टीम पोलिसांची होती म्हणून त्यांनाही हेन्लीला उतरू दिलं नाही. त्यानंतर बोभाटा झाला आणि १९३७ मध्ये तो नियम निघाला.

या नियमाला तिथल्याच काही लोकांचा विरोध होता. लंडनचा फर्निव्हल नावाचा विद्वान माणूस, शब्दकोशावर काम करणारा, त्याने १८९० मध्ये कामगारांना घेणारी वेगळी नॅशनल संघटना काढण्यात पुढाकार घेतला आणि १८९६ मध्ये हॅमरस्मिथला मुलींसाठी स्कलिंग क्लब काढला, चहाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीसुद्धा त्यात वल्ही मारायला यायच्या. नंतर काही वर्षांनी त्या क्लबने पुरुषांना घेतलं, उलटं नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांचं रोईंग यायला मात्र १९७६ साल उजाडलं.

हे सगळं सांगायचं कारण असं की आपल्याकडचे सुरुवातीचे क्लब याच मुशीतून आलेले. मेंबर साहेब, आणि बोटी उचलणारी, पुसणारी, पाण्यात सोडणारी माणसं इथली. बोटीचं कुठलं लाकूड कधी फुगतं, नदीत कुठे खडक आहे, पाणी कधी चढणार हे सगळं माहीत असायचं त्या बोटमन लोकांना आणि त्यांचं नाव कुठल्याच बोर्डवर नाही. क्लबांच्या हॉलमध्ये लाकडी बोर्डवर सोनेरी अक्षरात कॅप्टनांची नावं असतात ना, ते बघताना मला नेहमी ही न लिहिलेली यादी आठवते.

म्हणून माझ्या लेखी पुण्यातल्या रोईंगची खरी हौशी सुरुवात १९२८ ची. त्या वर्षी पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा म्हणजे सीओईपीचा बोट क्लब आणि त्यांचा रेगाटा सुरू झाला. कॉलेज त्याआधीचं, १८५४ चं, आणि बरोब्बर संगमाजवळ, म्हणजे पाणी दारातच. पण साहेबांच्या क्लबपेक्षा हा प्रकार मुळातच वेगळा. इथे मेंबर म्हणजे विद्यार्थी, कोल्हापूर सोलापूर खानदेश विदर्भ कुठून कुठून आलेली पोरं, त्यातल्या कित्येकांनी आधी विहिरीत सूर मारलेला असतो पण बोट जवळून बघितलेली नसते. साधारण त्याच काळात कलकत्त्यातही हेच चाललेलं, १९२९ मध्ये मारवाडी रोईंग क्लब निघाला जो पुढे बेंगाल रोईंग क्लब झाला, १९३२ मध्ये लेक क्लब. ज्यांना जुन्या क्लबांची दारं उघडी नव्हती त्यांनी आपापले क्लब काढले आणि खेळ तिथून पसरला.

सीओईपीचा रेगाटा ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही नुसती शर्यत नसते. संध्याकाळी नदीकाठी हजारो लोक बसलेले असतात, शर्यती होतात, मग कायाकचं बॅले, पंटवरची (सपाट तळाच्या बोटींवरची) फॉर्मेशन, बाणाच्या आकारात जाणाऱ्या बोटी, आणि शेवटी अंधारात मशाल डान्स. काही जुने रोईंगवाले नाक मुरडतात की हा खेळ नाही तमाशा आहे, मला ते अजिबात पटत नाही. रेगाटासाठी ती पोरं महिनोन्महिने रोज पाण्यावर असतात, काळोखात एका लायनीत दहा बोटी ठेवायच्या म्हणजे बोटीवर काय ताबा लागतो ते एकदा करून बघावं. शिवाय घरचे, मित्र, शेजारीपाजारी बघायला येतात, त्यातून पुढच्या वर्षीची पोरं ठरतात, माजी विद्यार्थी येतात ते बोटींना हातभार लावून जातात. २००० मीटरची शर्यत काठावरून बघितली तर प्रेक्षकाला शेवटची दोनशे मीटर दिसते, बाकी वेळ लांबवर काहीतरी ठिपके हलतायत एवढंच. बघणारा नसेल तर क्लबला पुढची पिढी मिळत नाही.

पण हा क्लब शंभरीला टेकला तो मुख्यतः दुसऱ्या कारणाने. इंजिनियरिंगचं कॉलेज म्हटलं की चार वर्षांत अख्खा क्लब बदलतो. एकही जुना खेळाडू उरत नाही. सर्वसाधारण क्लबात काय होतं, सात-आठ चांगले लोक असतात, तेच वीस वर्षं खेळतात, तेच कमिटीवर, बोटी त्यांच्याच, आणि एक दिवस त्यांचे गुडघे दुखायला लागतात आणि क्लब संपतो. कॉलेजच्या क्लबला ही चैन परवडतच नाही, तिसऱ्या वर्षाच्या पोराने पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवलं नाही तर पुढच्या वर्षी बोट बाहेर काढायला माणूस नाही. म्हणजे शिकवणं हा तिथे उपकार नाही, ती रोजची गरज आहे.

हे शिकवणं म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण क्लब काढणाऱ्याला हेच जमायला लागतं. नवीन मुलगी आली, पोहता येतं का ते आधी स्वतः डोळ्यांनी बघायचं, फॉर्मवर लिहिलंय म्हणून नाही. मग सुरुवात स्थिर, रुंद बोटीत. एकेरी स्कलची बोट म्हणजे लांबी साधारण सव्वाआठ मीटर आणि वजन फक्त १४ किलो, रुंदीला माणसाच्या कमरेएवढीसुद्धा नाही, वल्ही हातात घट्ट धरली तरच ती उभी राहते, वल्हं सोडलं की उलटली. त्यात नवख्याला बसवलं तर तो परत येत नाही. आधी जमिनीवर बोट उचलायची कशी ते, कोण कुठे उभं राहणार, कोणाच्या आवाजावर उचलायची, डोक्यावरून खांद्यावर कशी घ्यायची, वळताना शेपटी कोणाच्या डोक्याला लागणार नाही हे बघायचं. बोटी पाण्यापेक्षा जमिनीवर जास्त फुटतात, जेटीवर ठेवताना, शेडमध्ये फिरवताना. मग बोटीत बसल्यावर पहिली अर्धीअधिक वेळ नुसतं बसायचं, वल्ह्याची पाती पाण्यावर आडवी टाकून, डावा हात उजव्याच्या वर, आणि बोट डावी-उजवी हलवून बघायची की ती उलटत कधी नाही. तो विश्वास बसला की मग पाय.

इथे लोकांचा मोठा गैरसमज असतो, रोईंग म्हणजे दंड. तर नाही, रोईंग म्हणजे पाय. सीट चाकांवर सरकते, ही सरकती सीट १८७० च्या दशकात शर्यतींत आली आणि सगळा खेळच बदलून गेला, त्याआधी लोक पाठ आणि हातांवर ओढायचे. गुडघे छातीशी, वल्हं पाण्यात टाकायचं, तो कॅच, मग पायाने बोट ढकलायची, पाय सरळ झाले की पाठ मागे आणि सगळ्यात शेवटी हात पोटाशी, वल्हं बाहेर काढून मनगटाने आडवं करायचं म्हणजे फेदर, आणि सावकाश परत पुढे. सावकाश हा शब्द मी दिवसातून शंभरदा ओरडत असेन. परत पुढे सरकताना घाई केली की आपलंच वजन बोटीला मागे ढकलतं, वल्हं पाण्याबाहेर असताना बोट सर्वात जास्त पळत असते आणि नवखा नेमकं तिथेच तिला ब्रेक लावतो. पाती तिरकी अडकली की मूठ उलटी येऊन बरगडीत बसते, त्याला क्रॅब म्हणतात, प्रत्येकाला बसतो.

हे पुस्तकातून येत नाही, व्हिडिओ बघूनही फारसं येत नाही, शेजारी दुसरं माणूस लागतं. आणि ते माणूस फार मोठं तज्ज्ञ नसलं तरच बरं असं माझं मत आहे, ज्याला गेल्या वर्षी क्रॅब बसलाय तोच नीट सांगतो की का बसला.

आता पाण्याकडे येते, कारण क्लब मरतात ते इथे. कलकत्ता रोईंग क्लब सुरुवातीला हुगळीवर होता, मोठी नदी, भरती-ओहोटी, जहाजांची गर्दी, शेवटी १९२० च्या दशकात ढाकुरियाचा तलाव खोदला गेला, ज्याला आता रवींद्र सरोवर म्हणतात, आणि हळूहळू शहराचं सगळं रोईंग तिकडे गेलं. पाणी बदललं, क्लब वाचला. याउलट जयपूरचं रामगढ. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रोईंग पहिल्यांदा आलं तेव्हा स्पर्धा रामगढच्या तलावात झाल्या, भारतात इतकी मोठी रोईंगची स्पर्धा आधी झाली नव्हती. आज तो तलाव कोरडा आहे. पाणलोटात बांधकामं, अडवलेले नाले, आणि एवढा मोठा एशियाडचा वारसा सांगायलासुद्धा पाणी उरलं नाही.

पुण्याचं दुखणं तिसरंच. पाणी आहे पण कसलं. मुठेवर खडकवासला १८७९ पासून आहे, पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर झाली, म्हणजे नदीत स्वतःचं पाणी येतं ते पावसाळ्यात धरणातून सोडलं तरच, बाकी वर्षभर जे वाहतं त्यात शहराचं सांडपाणी केवढं हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. सांडपाण्यावर जलपर्णी पोसली जाते. जानेवारी-फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की ती वाढते ती डोळ्यांदेखत, सोमवारी काठाला असलेला पट्टा पुढच्या आठवड्यात पात्राच्या मध्यात. रेगाटाच्या आधी पोरं दोऱ्या, बांबू, बोटी घेऊन ती ओढून काढतात, ओली जलपर्णी भलतीच जड असते, एक ढीग काठावर आणायला चार जण लागतात, आणि काढलेली जागच्या जागी ठेवली तर पहिल्या पावसात परत पाण्यात. मी नव्या मुलांना सांगते की हात-पायाला जखम असेल तर आज पाण्यात नाही, प्रॅक्टिस झाली की साबणाने आंघोळ, पाणी तोंडात गेलं आणि ताप आला तर डॉक्टरला नदीचं सांगा, लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे घाण पाण्यातून होणारा ताप, ही खरी भीती आहे. इतकं करून ती पोरं रोज पहाटे येतात याचं मला फार कौतुक वाटतं, आणि त्याच वेळी चीडही येते की ज्या शहराने शंभर-दीडशे वर्षं नदीवर वल्ही मारली त्या शहराने तिचं हे करून ठेवलं.

स्पर्धेच्या दर्जाचं रोईंग त्यामुळे पुण्यात नदीवरून दापोडीला सरकलं. तिथे लष्कराच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनियरिंगमध्ये २००० मीटरचा सरळ कृत्रिम चॅनल आहे, आर्मीचं रोईंग केंद्र तिथेच, राष्ट्रीय स्पर्धाही तिथे होत आल्यात. तिथून आलेला आपल्या सगळ्यांना माहीत असलेला माणूस म्हणजे दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी पट्टा, वडील विहिरी खोदायचं काम करायचे, तो २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि तिथे रोईंगला लागला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला एकेरी स्कल्समध्ये तेरावा, २०१८ च्या एशियाडला चौघांच्या स्कल्समध्ये गोल्ड. त्याआधी २०१० ला ग्वांगझूमध्ये बजरंगलाल ताखरने भारताला एशियाडमधलं रोईंगचं पहिलं गोल्ड दिलं होतं, तोही सैन्यातला. टोकियोला अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग अकरावे आले, ऑलिंपिकमध्ये तोवरचा आपला सर्वात चांगला नंबर.

बघा, ज्या नियमाने हाताने काम करणाऱ्याला बोटीत बसू दिलं नव्हतं त्याच खेळात आपली मेडलं आली ती शेतकरी-मजुरांच्या घरातून. पण त्यातली एक अडचणही सांगायला हवी. हे सगळे खेळाडू सैन्यात भरती झाल्यावर, म्हणजे अठरा-वीस वर्षांचे झाल्यावर बोटीत बसले. इतर देशांत पोरं बारा-तेराव्या वर्षी क्लबात येतात. सैन्य हे करू शकत नाही, ते क्लबांचंच काम आहे, आणि आपल्याकडे नेमका तो थर पातळ आहे. नाशिकला गोदावरीवर के.टी.एच.एम. कॉलेजचा बोट क्लब आहे, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला रोईंग चालतं, असे दोन-चार ठिकाणी प्रयत्न आहेत. आपल्या राज्यात धरणं किती आणि क्लब किती याचा हिशेब केला की वाईट वाटतं. म्हणून तुमच्यासारख्यांचे प्रश्न आले की मी एवढं लांबण लावून उत्तर देते.

तर आता तुमचं धरण. पहिलं काम, एक अख्खं वर्ष पाणी बघा. जूनमध्ये पातळी कुठे असते, ऑक्टोबरला कुठे, मेमध्ये पाणी किती आत जातं आणि मध्ये चिखल किती उरतो. जेटी कायमची बांधू नका, पाण्याबरोबर वरखाली होणारी तरंगती करा, ड्रम आणि फळ्यांची सुद्धा चालते सुरुवातीला. वारा कधी सुटतो ते लिहून ठेवा, आपल्याकडे बॅकवॉटरला दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटा उठतात, म्हणून रोईंग पहाटेचं. बुडालेली झाडं, जुन्या गावाची जोती, मासेमारीची जाळी कुठे आहेत हे तिथल्या भोई-कोळी लोकांना विचारा आणि त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, त्यांच्या जाळ्यातून बोट घालून तुमचा क्लब एक महिनाही चालणार नाही. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, त्यांची लेखी परवानगी लागते, सरपंच हो म्हणाले एवढ्यावर शेड उभी करू नका. क्लबची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते, संस्था म्हणून, ती करून घ्या, म्हणजे उद्या बोट कोणाच्या नावावर हा वाद येत नाही. एका क्लबात मी हा वाद जवळून बघितलाय, एका मेंबरने स्वतःच्या पैशाने बोट घेतली, काही वर्षांनी भांडण झालं, बोट त्याच्या बंगल्याच्या गच्चीवर गेली आणि उन्हात तिचं फायबर तडकलं, ना त्याच्या कामाची राहिली ना क्लबच्या.

दुसरं, सुरक्षा, यात काटकसर नाही. मे २०२२ मध्ये कलकत्त्यात रवींद्र सरोवरात शाळांच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांची बोट कालबैसाखीच्या, म्हणजे तिकडे उन्हाळ्यात अचानक उठणाऱ्या वादळात उलटली आणि दोन शाळकरी मुलं गेली. शहराच्या मधोमध, तलावात, जुनी परंपरा असलेल्या ठिकाणी. त्यामुळे नियम सरळ ठेवा, सोबत मोटरची रेस्क्यू बोट नसेल तर मुलं पाण्यात नाहीत, ढग दिसले तर सगळे काठावर, आणि प्रत्येकाने बोट मुद्दाम उलटवून बुटातून पाय सोडवायचा सराव केलेला असलाच पाहिजे. बोटीतले बूट पट्टीला घट्ट बसवलेले असतात, टाचेच्या दोऱ्या अशा बांधायच्या की टाच थोडी उचलली की पाय आपोआप सुटेल, हे दर आठवड्याला तपासायचं. बोटीच्या टोकाला पांढरा रबरी चेंडू असतो तो शोभेचा नाही, ते टोक भाल्यासारखं असतं आणि वल्हं मारणारा पाठमोरा जात असतो, त्याला पुढचं दिसत नाही. चेंडू निघालेला असेल तर ती बोट त्या दिवशी शेडमध्ये. बोट उलटली तर बोट सोडून पोहत काठ गाठायचा नाही, बोट तरंगते, तिला धरून राहायचं, हे वाक्य पोरांच्या तोंडपाठ पाहिजे.

आणि मग बोटी. नव्या परदेशी बोटींच्या किमती बघून बहुतेक लोक इथेच गार होतात. गरजच नाही. दोन रुंद, जड, फायबरच्या ट्रेनिंग बोटी, जमलं तर जुन्या क्लबांनी काढून टाकलेल्या, आणि चार-सहा वल्ही. जुनी बोट घेताना बाहेरचा रंग बघू नका, आत हात घालून रिगर (वल्हं अडकवायचे बाहेर आलेले दांडे) जिथे बसतात तिथली फ्रेम हलते का बघा, कुठून पाणी गळतं का बघा, सीटच्या रुळांवर खड्डे पडलेत का बघा. फायबरचं कापड, रेझिन आणि सॅंडपेपर घेऊन पॅच मारायला गावातला कार किंवा टाकी दुरुस्त करणारा माणूस शिकवेल, क्लबातल्या दोघांनी तरी ते शिकून घ्या. पावसाळ्यात पाणी चढलेलं असतं तेव्हा बोटी दुरुस्तीला काढा, पोरं शेडमध्ये अर्गवर म्हणजे रोईंग मशीनवर, एक मशीन असलं तरी वीस पोरांचं आळीपाळीने चालतं.

शेवटचं, शाळेशी बांधून घ्या. गावातल्या हायस्कूलच्या आठवी-नववीच्या मुलामुलींची दरवर्षी एक नवी बॅच ऑक्टोबरात सुरू करा, आणि नियम करा की ज्याला दुसरं वर्ष लागलं त्याने एका नव्याला हाताशी घ्यायचं, त्याच्याशिवाय त्याला सिंगल बोट मिळणार नाही. मोठ्यांच्या हौसेसाठी रविवार ठेवा, पण रोजची सकाळ मुलांची. तुमच्यापैकी जो पहाटे साडेपाचला शेडची किल्ली घेऊन न चुकता येणार आहे तो एक माणूस आधी नक्की करा, आणि तो आजारी पडला तर किल्ली कोणाकडे तेही ठरवा. एवढं झालं की मला कळवा, जुन्या बोटी कोण काढतंय ते विचारून बघता येईल.